बाजूच्या खुर्चीतला शब्दकोश

"अहो, इथे कुत्री-मांजरं पडताहेत!" हेडफोनमधून एक परदेशी बाई इंग्रजीत ओरडली आणि नव्या मुलीचं धाबं दणाणलं. कॉल सेंटरच्या नोकरीचा पहिला दिवस, पहिलाच फोन, तोही वॉशिंग मशीनच्या तक्रारीचा. कुत्री कुठून पडली? मशीनमध्ये तर नाहीत ना? इतक्यात डावीकडून एक पांढरी पाटी सरकत आली.

'मुसळधार पाऊस आहे. मेकॅनिक आज नको, उद्या पाठवा म्हणतेय.'

तिने मान वळवली. पाटीमागे चष्मा होता, आणि चष्म्यामागे हसू.

तिला शिकवणारी बाई अचानक रजेवर गेली, म्हणून तीन आठवड्यांसाठी हा बाजूच्या खुर्चीत आला होता. सगळा मजला त्याला 'शब्दकोश' म्हणायचा. दुसरा हेडफोन लावून तो तिचे फोन ऐकायचा. मध्ये बोलायची सोय नव्हती, सगळं रेकॉर्ड व्हायचं. कागद-पेन आत न्यायला बंदी, गिऱ्हाइकांचे नंबर कुणी लिहून नेऊ नयेत म्हणून. राहिली पाटी. लिहायचं, वाचायचं, पुसायचं.

आणि ही गिऱ्हाइकं सरळ बोलतील तर शपथ! एकाचा म्हणे मशीनपायी एक हात आणि एक पाय गेला. ही बिचारी डॉक्टरांचा नंबर द्यायच्या बेतात. पाटी आली, 'फार महाग पडलं.' दुसरीच्या पोटात फुलपाखरं उडत होती. पाटी आली, 'पोटात गोळा आलाय.'

हळूहळू शब्दकोश उदाहरणंही द्यायला लागला. 'चंद्राच्याही वर असणं: आनंद गगनात न मावणं. उदा. नवी कामावर आली की एकाचं तसं होतं.' ती दुसऱ्यांदा वाचेपर्यंत पाटी कोरी!

"एकाचं म्हणजे कुणाचं?" चहाच्या सुट्टीत तिने विचारलं.

"उदाहरणात नाव लागत नाही," तो म्हणाला. कान मात्र लालेलाल.

झालं! तेव्हापासून तिची झोप उडाली. हे सगळं आपल्यासाठी, की नुसता धडा? याआधीही त्याने नव्या मुलींना शिकवलंय, त्यांनाही हेच लिहिलं असेल तर? शेवटी तिने थोरल्या बहिणीला सांगितलं.

"दाखव काय लिहिलंय ते," ताई म्हणाली.

"पुसलं गं."

"मग कसलं प्रेम नि कसलं काय! शिकवतोय तो तुला. उगाच हुरळून जाऊ नकोस."

बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. आज परीक्षेचा फोन. पास झाली तर वरचा मजला, नापास झाली तर घर. नोकरी काय, ही नाही तर दुसरी मिळाली असती. पण दोन्हीकडून ही खुर्ची सुटणार होती, आणि शब्दकोश तर सकाळपासून तोंडात मूग गिळून बसला होता. पाटीला त्याने हातसुद्धा लावला नाही.

"काही सांगायचंय का?" तिने उठता उठता विचारलं.

"हं... ते... दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ना, तसं..." कसला दगड, कसली वीट! ती तणतणत जिना चढली.

परीक्षेच्या खोलीत ती एकटी. पलीकडच्या काचेमागे परीक्षा घेणाऱ्या मोठ्या बाई कानाला हेडफोन लावून बसलेल्या. फोनवर एक म्हातारे गृहस्थ आले. मशीन बायकोच्या नावावर आहे, म्हणाले, आणि ती आता डेझीची फुलं खालून वर ढकलत असते.

तिने सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे भिंत होती. हसावं? बागेचं कौतुक करावं? काचेमागे बाईंची पेन्सिल वर उचललेली...

"माफ करा," ती म्हणाली, "मला कळलं नाही. सरळ सांगाल का?"

म्हातारबुवा हळूच म्हणाले, "माझी बायको वारली. मशीन माझ्या नावावर करायचंय." आणि थोड्या वेळाने, "तीसुद्धा मला हेच म्हणायची हो. सरळ सांगा."

तिने अर्ज भरून घेतला. फोन ठेवला तेव्हा डोळे भरून आले होते. निकालाला थांबण्याइतका धीर नव्हता. ती धडाधड जिना उतरली, तर शब्दकोश शेवटच्या पायरीवर उभा. तोंड उतरलेलं.

"काय झालं? बाई काय म्हणाल्या? म्हणजे, शेवट गोड तर सगळंच..."

"म्हणी पुरेत," ती म्हणाली. "तीन आठवडे ताकाला जाऊन भांडं लपवताय. आज मला सरळ सांगा. नसेल काही, तर नाही म्हणा. मी रडेन, पण मला कळेल तरी."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळ्या मजल्याचा शब्दकोश, पण एक शब्द सापडेना.

"मला... भीती वाटते," तो म्हणाला. "तू नाही म्हणशील याची. उद्या तू शेजारी नसशील, त्याची त्याहून जास्त. मला तू आवडतेस. खूप."

"याआधी कुणाला लिहिलं होतंत असं?"

"अर्थ सगळ्यांना लिहिले. उदाहरणं फक्त तुला."

वरून मोठ्या बाईंची हाक आली, "अगं नवी, कुठे गेलीस? निकाल ऐकायचा नाही का?"

"आले बाई, दोन मिनिटं!" ती ओरडली, आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "मलाही तू आवडतोस."