वनस्पतिशास्त्र विभागाकरिता

त्या दोघांची पहिली गाठ पडली ती अंतर्गत गुणांच्या यादीवर. दीक्षानं परीक्षा विभागाला चुकून गेल्या वर्षीची यादी मेल केली आणि दहा मिनिटांत उत्तर आलं – ‘यातली पोरं पास होऊन घरी गेली. परत बोलवायची का? – परीक्षा विभागाकरिता.’

तिला हसू फुटलं. तिनं लिहिलं, ‘नका बोलवू, सुखात असतील. नवी यादी जोडली आहे. – वनस्पतिशास्त्र विभागाकरिता.’

नाव कुणीच टाकलं नाही. हिंगोलीजवळच्या त्या विद्यापीठ केंद्रात नियमच तसा होता. पत्रव्यवहार विभागाच्या मेलवरूनच, माणसाचं नाव नको. एक मेल, एक पासवर्ड, आणि तो अख्ख्या विभागाला पाठ.

मग यादीमागून यादी गेली… आणि यादीखाली दोन ओळी. ‘जेवण झालं का?’ ‘झालं. भाजी खारट होती.’ ‘उद्या आमच्या विभागाचा डबा पाठवतो.’ ‘आमचा विभाग कुणाचाही डबा खात न्हाई.’

वाचून झालं की दीक्षा मेल पुसायची, मग पुसलेल्यांतूनही पुसायची. त्याच मेलवर विभागप्रमुख गौसिया मॅडमही बसायच्या, आणि दीक्षाची कंत्राटी नेमणूक पुढे चालायची की नाही, हे मॅडमच्या सहीवर होतं. नोकरी गेली, तर गावी कुरुंद्याला परतून घरचे आणतील त्या पहिल्या स्थळाला हो म्हणायचं, एवढंच हातात उरणार होतं.

पण खरी धडकी निराळीच होती. परीक्षा विभागात माणसं दोन. सुरज, खिडकीत हसतखेळत बोलणारा. मे महिन्यात पुसेगावला त्याच्याच लग्नात दीक्षा जेवून आली होती. दुसरा धम्मदीप, मान खाली घालून शिक्के मारणारा, ‘बराबर आहे’ यापलीकडे शब्द न काढणारा. इतकं खोडकर लिहिणारा तो धम्मदीप असूच शकत नव्हता. म्हणजे… पुढचा विचार तिला करवत नसे. उद्यापासून बंद, असं ती रोज ठरवायची, आणि रोज संगणक सुरू होईपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा.

एका मंगळवारी तिची रजा होती. बुधवारी येऊन बघते तर परीक्षा विभागाचा मेल, आणि कुणीतरी आधीच उघडलेला. न वाचलेल्या मेलची अक्षरं ठळक असतात. ही फिकी होती. ‘शनिवारी नरसीला येता का? चहा पाजतो. एक विचारायचं आहे, मेलवर जमत न्हाई.’

तेवढ्यात आतल्या खोलीतून मॅडमची हाक आली.

“दीक्षा, आत ये बेटा.”

मॅडमपुढे नेमणुकीचा कागद होता. सहीची जागा कोरी.

“परीक्षा विभाग आपल्या विभागाला चहाला बोलावून राहिला,” मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. “विभागात आपण दोघी. माझ्या निकाहला चोवीस वर्षं झाली. मग हे बोलावणं कुणाला?”

दीक्षानं अडखळत सगळं सांगून टाकलं, सुरजची शंकासुद्धा.

“अन् सुरजच निघाला तर?”

“तर आजच थांबवते, मॅडम.”

“मग नाव टाकून विचार. विभागाच्या आड कुणीबी लपतं.” त्यांनी कागद ओढून सही केली. “याचा त्याच्याशी संबंध न्हाई. काम चोख आहे तुझं.”

दीक्षानं लिहिलं, ‘आधी सांगा, तुम्ही कोण? लग्न झालेलं असेल तर यापुढे फक्त याद्या पाठवा. – दीक्षा खिल्लारे.’

बटण दाबलं. पाच मिनिटं. दहा. उत्तर नाही… तेवढ्यात व्हरांड्यात पळती पावलं वाजली, आणि दारात धम्मदीप उभा. धापा टाकत, मान खालीच.

“नाव तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं,” तो म्हणाला. “म्हणून आलो. मीच आहे. लग्न न्हाई झालं.”

दीक्षानं टेबलाची कड घट्ट धरली. “इतके दिवस काहून न्हाई सांगितलं?”

“भेव वाटे. तुमच्या विभागात दोघी…” त्यानं आतल्या दाराकडे बघून आवाज बारीक केला. “मला वाटे, मॅडमच लिहून राहिल्या.”

आत खुर्ची करकरली. दीक्षानं ओढणी तोंडावर दाबली.

“तरी चहाला बोलावलं?”

“त्येच तर विचारायचं होतं, कोन तुमी. मॅडम आल्या असत्या तर पाया पडून लगेच परत फिरलो असतो.”

“आन मी आले तर?”

धम्मदीपनं पहिल्यांदा मान वर केली.

“तर… परतायची घाई न्हाई.”