पत्र्यावरचा हात

थांबायला तुला किती वेळ लागला असता? खाली उतरायचं, मागे जायचं, बघायचं. तू कोण, कुठला, मला माहीत नाही. तुझा चेहरा मी पाहिला नाही, ट्रकचा नंबरही नाही. पण उभ्या गाडीला धडक देऊन तू निघून गेलास, आणि जे तुझं होतं ते माझ्या गळ्यात टाकून गेलास. ते परत न्यायला तू कधी आला नाहीस.

तुम्ही ऐकताच आहात, तर पहिल्यापासून सांगतो. कंदिलाची वात जरा वर करा.

चौसष्ट सालचा मे महिना. औरंगाबादेहून बी.ए. होऊन मी नुकताच मोताळ्याच्या पंचायत समितीत लागलो होतो. सगळं ताबडतोब व्हावं असं वाटायचं. विहीर खोदायची तर याच उन्हाळ्यात, शाळा बांधायची तर दिवाळीच्या आत. माझी थोरली बहीण सिंधूताई वडनेर भोलजीला दिलेली. तिची आधीची दोन बाळंतपणं घरीच झाली होती आणि दोन्ही लेकरं रडलीच नव्हती. या वेळी तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायचं, असं मी तिच्या सासूला, अंबूबाईंना, ठणकावून सांगितलं होतं. हे लेकरू जगलं पाहिजे, बस.

समितीच्या जीपचा ड्रायव्हर दयाराम लग्नाला गेला होता. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मी जीप शिकलो होतो, आणि साहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं. सकाळी वडनेरहून ताईला घेऊन निघालो. मोताळ्याला पोचेपर्यंत रेडिएटर उकळायला लागला. गावाबाहेर कापसाच्या एका जिनिंग कारखान्याची लांबलचक भिंत आहे. उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं, तिथे चिटपाखरू नसतं. भिंतीलगत निंबाच्या सावलीत मी जीप उभी केली. समोर कचरूचं चहाचं हॉटेल. त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने, ताईला आत पडायला चटई दिली. मी डबा घेऊन मागच्या विहिरीवर पाणी आणायला गेलो.

पोहरा वर ओढत असताना मला थापा ऐकू आल्या.

ट्रक मागे घेताना क्लीनर पाठीमागे उभा राहून पत्र्यावर हात मारतो, ते तुम्ही ऐकलं असेल. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. त्या दुपारच्या शांततेत आवाज अगदी स्वच्छ येत होता. थप-थप. "येऊ दे... येऊ दे..." म्हाताऱ्या माणसाचा घसा. पुन्हा थप-थप. मग एकच थाप. मग आणखी एक. मग घाईघाईने, एकेक, एकेक, एकेक...

मग पत्रा चेपल्याचा आवाज आला.

त्यानंतर क्षणभर काहीच नाही. मग गियर पडला, आणि ट्रक निघून गेला.

मी धावत आलो तेव्हा रस्त्यावर नुसता धुराळा होता. जीपचं नाक भिंतीला टेकलं होतं आणि मागच्या पत्र्याला मोठा पोचा पडला होता. पोच्याच्या बरोब्बर मधोमध एक हात उमटला होता. काळ्या ऑइलचा, पाची बोटं ताणलेली. चाकाजवळ टायरची एक चप्पल पडली होती.

"कोण होता?" मी ओरडलो. "कचरू, नंबर पाहिला?"

कचरू हॉटेलाच्या दारात उभा होता. त्याच्या हातातली गाळणी तशीच लोंबत होती. "धुराळाच इतका होता, साहेब..."

"आणि क्लीनर? मागं म्हातारा होता ना?"

"होता ना. गाडीच्या अन् ट्रकच्या मधात."

"मग गेला कुठं? ट्रकवर चढला?"

"नाई चढला. म्या पाहून राह्यलो होतो. ट्रक गेला तवा त्याच्यावर कोनीच नव्हतं." कचरूने जीपकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "अन् इथं बी कोनी नाई."

रक्ताचा थेंब नव्हता. ओढत नेल्याच्या खुणा नव्हत्या. एवढा रस्ता, एवढं ऊन, आणि एक चप्पल.

मला भीती वाटली नाही. राग आला. असे लोक सुटतात म्हणून हा देश असा आहे, वगैरे मी कचरूला बरंच सुनावलं. मग ती चप्पल उचलली आणि जीपच्या मागच्या भागात टाकली.

"ते राहू द्या जागेवर, साहेब," कचरू म्हणाला.

"हा पुरावा आहे."

"ज्याची हाय तो न्यायले येईन..."

"आला तर माझ्याकडे पाठव."

हे मी बोललो. शब्द असेच्या असे आठवतात.

पोलिसांकडे गेलो. तिथला जमादार जेवून बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "नंबर?"

"नाही."

"कोनी मेलं काय?"

"माहीत नाही."

"मंग गुन्हा कोनावर दाखल करू, बावा? धुराळ्यावर?" बाकावरचे दोघं हसले. "गाडी सरकारी. तुम्ही डायवर नाई. मी लिवाले बसलो तं पयले तुमचंच नाव लिवा लागन. बहीन अडली हाय म्हनता, तं दवाखान्यात न्या ना तिले. इथं काऊन उभे हा?"

मी तरीही भांडत राहिलो. पुष्पाबाई पळत आली तेव्हा थांबलो. ताईला कळा सुरू झाल्या होत्या.

जीप सुरू झाली, हे नशीब. ताई पुढे माझ्या शेजारी बसली, उशी पोटाशी धरून. राजूर मागे पडलं आणि घाट लागला. मे महिन्यातला तो घाट तुम्हाला माहीत आहे. सागाची झाडं उघडी, खाली वाळक्या पानांचा थर, कुठे पाखराचा आवाज नाही. तापलेल्या पत्र्याचा वास येत होता आणि त्यात जळक्या ऑइलचा. मला वाटलं, इंजिन तापतंय.

दुसऱ्या वळणावर मागून आवाज आला. थप.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. "पत्रा निंगाला काय रे?" ताईने विचारलं. मी उतरून पाहिलं. पत्रा घट्ट होता. तरी दोरीने आवळला. पुढे निघालो.

थप.

या वेळी मी ब्रेक दाबला नाही. इंजिन आपणच बंद पडलं. किल्ली फिरवली, हँडल मारलं, बॉनेट उघडलं. पेट्रोल होतं, वायर जागेवर होती. पुष्कळ खटपटीनंतर एकदा सुरू झालं, चाक जेमतेम फिरलं, आणि मागे पुन्हा तोच आवाज. एकच. इंजिन मेलं.

मी मागे गेलो. चांगलं कडकडीत ऊन होतं. पोच्यावरचा तो हात पाहिला आणि बोट लावलं. ऑइल अजून ओलं होतं. इतक्या उन्हात, इतक्या वेळानंतर... ओलं आणि कोमट.

खरं सांगायचं तर आमच्या घरात हे विषय संपले होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वडिलांनी देव्हारा गाठोड्यात बांधून नदीत सोडला. देवांबरोबर भुतंही गेली, असं आम्ही धरून चाललो होतो. मी चप्पल उचलली आणि दरीत भिरकावली. ती खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. परत येऊन किल्ली फिरवली.

थप.

वरून एक ट्रक आला. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो, ओरडलो. त्याने हॉर्न दाबून ठेवला, मला बाजूला उडी मारायला लावली आणि गेला. तोही थांबला नाही. ताईने दात ओठात रोवले होते. तिच्या कपाळावरचा घाम मी पुसत होतो. एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

"सहदेव," ती म्हणाली, "कोन हाय रे मांगं?"

"कोणी नाही, ताई."

"मले बी ऐकू येते ना. खोटं काऊन बोलतं?" एक कळ आली आणि गेली. "सांग."

मी सगळं सांगितलं. धडक, थापा, चप्पल, कचरू काय म्हणाला ते. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मंग त्याची गाडी त्याले सोडून गेली," ती हळूच म्हणाली. "अन् तू त्याची चप्पल घेऊन निंघाला. तो तुह्या गाडीमागं नाई येईन तं काय करीन?"

"ताई, आपण हे मानत नाही..."

"देव मानत नाई आपुन. हा देव हाय काय? मानूस हाय. म्हातारा मानूस उन्हात मांगं लोंबकळून राह्यला. क्लीनर चढल्याबिगर कोनती गाडी हालते रे? तुह्या बी.ए.त नाई शिकवलं काय हे?" ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मांगची फळी पाड. माहं गाठोडं सरकव. बसू दे त्याले."

"ताई..."

"माहं लेकरू मराले लागलं, बापू. दोन गेले. बसव त्याले."

मी मागची फळी पाडली. गाठोडं उचलून बाजूला केलं. त्याखाली ती टायरची चप्पल होती. मी दरीत फेकली होती ती. नीट, सरळ ठेवलेली, कुणी पायातून काढून बसावं तशी.

ताईनेच पुढून, मान न वळवता म्हटलं, "बसा बाबा. जागा हाय."

वारा नव्हता. पानही हललं नाही. जीपच्या मागच्या चाकांवरच्या कमानी करकरल्या आणि गाडी मागच्या बाजूने खाली दबली. थोडीच, एखादं वाळकं माणूस चढल्यावर दबते तेवढी.

मग थप-थप.

मी किल्लीला हात लावायच्या आत इंजिन धडधडायला लागलं.

घाट कसा चढलो ते विचारू नका. मी आरशात पाहिलं नाही. प्रत्येक वळणाआधी मागून आवाज यायचा. एक, की मी थांबायचो आणि समोरून एस.टी. नाहीतर बैलगाडी वळणातून बाहेर यायची. दोन, की निघायचो. गाडी माझी राहिलीच नव्हती. मी नुसतं चाक धरून बसलो होतो.

बुलढाण्याला दिवेलागण झाली होती. गावाच्या टोकाला बाळंतपणाचा लहानसा दवाखाना होता. मनकर्णाबाई नावाची आया धावत आली, तिने आणि सिस्टरने ताईला धरून आत नेलं. मी फळी पाडायला मागे गेलो. गाठोडं होतं. चप्पल नव्हती. पत्र्यावरचा पोचा होता, पण हात नव्हता. तिथला पत्रा पुसून घेतल्यासारखा कोरडा होता.

मला सुटल्यासारखं वाटलं. उतरला, गेला, संपलं. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो.

आत बराच वेळ ताईचं ओरडणं चाललं होतं. मग ते थांबलं. आता दुसरा आवाज यायला हवा होता. मी कान देऊन बसलो. लेकराचं रडणं येईना. सिस्टरची धावपळ ऐकू आली, भांडं पडलं. आणि मग दारापलीकडून...

थप.

एकच.

तुम्ही म्हणाल, सिस्टरने लेकराच्या पाठीवर चापट मारली. मारतातच. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण तो आवाज अंगावर हात पडल्याचा नव्हता. पत्र्यावरचा होता. पुन्हा, थप. एकच. मग सगळीकडे असं शांत झालं की कंदिलाची फुरफुर ऐकू यावी.

पुरुषाला आत जायची सोय नव्हती. मी दाराला कपाळ टेकून उभा राहिलो. कुणाला नमस्कार करायचा नाही असं शिकलेलं माझं तोंड. मी त्या दाराला म्हणालो, "बाबा... येऊ दे. रस्ता मोकळा आहे. येऊ दे त्याला."

किती वेळ गेला, मला सांगता येत नाही.

थप-थप.

आणि लेकरू रडलं. मोठ्यांदा, रागावल्यासारखं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि मीही रडलो.

थोड्या वेळाने मनकर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. मुलगी झाली म्हणाली, बाळंतीण बरी आहे म्हणाली. मी तिचे हात धरले. पण ती हसत नव्हती. तिने एकदा दाराकडे वळून पाहिलं, मग माझ्या कानाजवळ येऊन हळू आवाजात बोलली.

"भाऊ, तुमच्या त्या म्हाताऱ्याले आता भायेर बोलवा. सिस्टर केवढी रागावली, पन ऐकूनच नाई राह्यला तो... लेकराच्या पाठीवरचा हात काई काढत नाई."