शून्य शिलकीची सल्लागार

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली आणि आत मी एकटीच. वरून आवाज आला, "घाबरू नका मॅडम, पडायचीच असती तर एव्हाना पडली असती!"

दार फटीएवढं उघडलं. आधी दिसले ग्रीसने माखलेले हात, मग हसरे डोळे. तो हात धरून मी वर चढले... आणि सोडायला जरा उशीरच केला.

त्याच इमारतीत मी निवृत्तीच्या बचतीची सल्लागार. म्हातारपणासाठी दरमहा किती बाजूला टाकायचं, हे लोकांना सांगणं माझं काम. पुढच्याच आठवड्यात लिफ्टवाला माझ्या टेबलासमोर हजर!

"वय?"

"छत्तीस."

"आजवर काय साठवलंत?"

"पाने, हातोड्या आणि आईचे आशीर्वाद."

"इतकी वर्षं झोपला होतात का?" मी मोठ्यानेच विचारलं. रांगेतले लोक हसले. त्याचे कान लाल झाले, पण पेन्शनचं खातं उघडूनच तो गेला.

मग तो दर महिन्याला यायला लागला. हप्ता बँकेतून परस्पर कापला जायचा, तरी यायचा.

"जमा झाला का, बघायला आलो."

"फोनवर कळतं ते."

"फोन तुमच्यासारखा रागावत नाही ना..."

सहाव्या महिन्यात म्हणाला, "एकट्याचं राहू दे. दोघांचं गणित मांडून द्या."

"दुसरं कोण?"

"तेच विचारायला आलोय."

मी खाली बघत हसले. संध्याकाळपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात त्याने वही उघडली. घरभाडं, आईची औषधं, साठीनंतर दोघांना दरमहा किती लागतील... सगळं नीट लिहिलेलं.

"आता तुझा आकडा सांग. तुझी शिस्त बघूनच तर मी सुधारलो."

तीन वर्षांपूर्वी एका दामदुप्पट योजनेत मी सगळी पुंजी ओतली होती. योजनावाले पसार झाले. दिव्याखाली अंधार! माझ्या आईलासुद्धा सांगायची हिंमत झाली नव्हती. नंतरही बचत जमेना. त्या योजनेसाठी काढलेलं कर्जच फेडत होते.

"शून्य," मी म्हणाले. आणि सगळं सांगून टाकलं.

त्याने वही मिटली. "पैसे गेले, त्याचं काही नाही. पण सगळ्यांसमोर मला झोपला होतात का विचारलंत... तेव्हा तुमचं स्वतःचं खातं रिकामं होतं?"

"हो."

तो पुन्हा 'तुम्ही'वर आला होता. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला.

चार दिवस त्याचा फोन नाही. पाचव्या दिवशी त्याचं काम चालू होतं त्या इमारतीत गेले. सात मजले जिन्याने, कारण लिफ्ट त्यानेच बंद ठेवलेली! वर तो आणि त्याचे दोन जोडीदार पाने घेऊन बसले होते.

धापा टाकत मी म्हणाले, "मी ह्यांचं चारचौघांत हसं केलं होतं. म्हणून चारचौघांतच सांगते. लोकांना बचत शिकवणारी मी स्वतः दामदुप्पटला भुलले. झोपले होते मी... हे नाही."

जोडीदार एकदम कामात गढले. तो उठून जवळ आला.

"आई म्हणाली, मुलगी खोटे आकडे सांगून सुटली असती. सुटली नाही." तो थांबला. "साठीला निवृत्त व्हायचा बेत होता. आता चौसष्ट धरावे लागतील."

"कुणाला?"

"दोघांना. मी एकटा घरी बसून काय करू?"

माझी मान काही वर होईना. त्याचे हात तेलकट. म्हणून त्याने मनगटानेच माझी हनुवटी उचलली.

"अजून लाज वाटतेय मला," मी पुटपुटले.

"वाटू दे," तो म्हणाला, "पण आता एकटीने नको."