सात नंबरच्या पेटीजवळची उडी

लंबूच्या घरचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. भिंगरी आणि तिचा दादा खालून ते पेलत होते आणि वरून लंबू सूचना सोडत होता.

"डावीकडे घ्या. अरे, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!"

उद्या सकाळच्या बोटीने लंबूचं घर बेट सोडणार होतं. गल्लीतली आणखी सहा घरंही.

"पण नक्की ठरलंय का?" भिंगरीने विचारलं.

"तुझ्या मावशीच्याच प्रयोगशाळेतून कळलंय. आमच्या गल्लीखाली खडक वितळतोय म्हणे. तिथले मोठे साहेब चार वाजता जाहीर करणार आहेत."

भिंगरीला तिथे थांबवेना. कपाट होतं तसंच टेकवलं, लंबू कठड्यावरून घसरत खाली आला आणि तिघं प्रयोगशाळेकडे पळाली.

भिंगरी आणि दादा सुट्टीला मावशीकडे आले होते आणि इथेच त्यांची लंबूशी मैत्री झाली होती. मावशीचं काम भूकंपाच्या लाटा मोजण्याचं. बेटावर बारा ठिकाणी तिने पेट्या पुरल्या होत्या. जगात कुठे भूकंप झाला, की त्याच्या लाटा बेटाखालून येत आणि प्रत्येक पेटी त्यांची वेळ टिपून ठेवी.

मावशीच्या पडद्यावर बेटाच्या पोटाचं चित्र होतं. खोल तळातून एक जाड लाल खांब वर आला होता.

"हा तापलेल्या खडकाचा झोत," मावशी म्हणाली. "याच्याच लाव्ह्याचे थर साचून आपलं बेट समुद्राबाहेर आलं. गरम खडकातून लाटा रेंगाळत येतात, गार खडकातून झपझप. जिथे उशीर, तिथे लाल."

"आणि हा वरचा डाग?" लंबूने हळूच विचारलं.

"तुमची गल्ली. सात नंबरच्या पेटीत लाटा उशिरा पोचतायत. गेल्या आठवड्यात दीड सेकंद, आता दोन."

"लाट कुठल्याही दिशेने आली तरी तेवढाच उशीर?" दादाने विचारलं.

"हो, तेच मला खटकतंय. खडक वितळला असता, तर दिशेप्रमाणे उशीर कमीजास्त झाला असता. पण साहेब थांबायला तयार नाहीत."

साहेब दारातच होते. "उशीर वाढतोय, म्हणजे खडक वितळत चाललाय. आणखी कशाची वाट बघायची?"

"पेटीचं घड्याळच पुढे गेलं असेल तर?" भिंगरी म्हणाली.

"ते उपग्रहावरून वेळ जुळवतं, बाळ. ते चुकत नाही. जा, बाहेर खेळा."

बाहेर पेटीकाका गाडी सुरू करत होते. पेट्यांची देखभाल त्यांच्याकडे, आणि आज त्यांतली नोंदीची कार्डं बदलायचा दिवस. मुलं न विचारताच गाडीत चढली.

"खेळायलाच सांगितलंय साहेबांनी," भिंगरी म्हणाली. "आम्ही उड्या मारणार आहोत."

सहा नंबरच्या पेटीजवळ दादाने मोबाइलवर वेळ धरली. बाराच्या ठोक्याला तिघांनी एकदम उडी मारली. मग गाडी पाण्याच्या टाकीमागे, सात नंबरपाशी गेली. तिथे पेटीच्या अँटेनावर एक पत्रा होता आणि पत्र्यावर चार दगड.

"हा कोणी ठेवला?"

"मीच, महिन्यापूर्वी," पेटीकाका म्हणाले. "साहेब म्हणाले, पावसात तारा भिजतायत, झाका काहीतरी."

"मग पत्र्याखाली उपग्रहाची वेळ पोचणार कशी?" दादा म्हणाला.

पेटीकाकांचा चेहरा उतरला. ते पत्रा उचलायला वाकले, तसा भिंगरीने त्यांचा हात धरला. "आत्ता नको, काका. घड्याळ लगेच सुधारेल आणि मग आपलं कोण ऐकेल? आधी उडी."

बरोबर साडेबाराला तिघांनी उडी मारली. लंबूने सगळ्यांत जोरात. त्यानंतरच कार्ड निघालं आणि पत्राही.

पण अजून पाच पेट्या बाकी होत्या, रस्ता घाटाचा होता आणि लंबूचं लक्ष सारखं मोबाइलकडे. परत पोचेपर्यंत सव्वातीन झाले. मावशीने कार्डं लावली. सहा नंबरवर उडीची रेघ बाराला होती. सात नंबरवर ती साडेबारा वाजून दोन सेकंदांनी उमटली होती. उडी तर पेटीशेजारीच मारली होती, म्हणजे उशीर खडकामुळे नव्हता; घड्याळच दोन सेकंद पुढे होतं.

मावशीने साहेबांना बोलावून रेघा दाखवल्या आणि पत्र्याचंही सांगितलं. त्यांच्या हातात जाहीर करायचा कागद होता.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले. मग आणखी एकदा म्हणाले.

मावशीने सात नंबरच्या प्रत्येक नोंदीतून घड्याळाची त्या त्या दिवसाची चूक वजा केली आणि चित्र नव्याने काढलं. खालचा लाल खांब जागच्या जागी राहिला. गल्लीखालचा डाग गेला.

साहेब खुर्चीत बसले. "पत्रा मीच घालायला लावला," ते सावकाश म्हणाले. "पोरांनो, मी तुम्हाला हाकललं नसतं, तर हे सकाळीच कळलं असतं. चला, माझ्याबरोबर या."

लंबूची आई ओसरीवर गाठोड्यांमध्ये बसली होती. साहेब तिच्यासमोर उभे राहिले.

"ताई, तुमच्या घराखाली काही नाही. चूक माझी होती. ती पकडली तुमच्या मुलाने आणि या दोघांनी. बारा पेट्या सांभाळणाऱ्या आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते यांना सुचलं."

आई पदराने डोळे पुसत लंबूला म्हणाली, "बघतोस काय? ते कपाट वर घे आधी. सकाळपासून कुणाला जिना चढता आलेला नाही."

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि खालून खांदा लावला.