दोन ठोक्यांमधलं अंतर

भर दुपारी घाबरलो असं सांगितलं की लोक मला हसतात. हसा. त्या दिवशी सक्करदऱ्यात मी होतो, तुम्ही नव्हता.

वाडीला माझं बांबूच्या दिव्यांचं दुकान आहे. मे महिन्यात सक्करदऱ्यातल्या मनोहररावांचा फोन आला: बागेतली बांबूची नळी चिरली आहे, आजच बदलून दे. उन्हानं रस्ते ओस पडले होते, तरी गेलो. त्यांच्या बागेत लहानसं टाकं होतं आणि बारीक धारेखाली एक नळी आडवी टांगलेली. पाण्यानं भरली की ती तोंड खाली करून पाणी ओतायची, मग मागचं टोक दगडावर आपटायचं. ठक्. अर्ध्या मिनिटाला एकदा.

"आमच्या नंदिनीनं केली," मनोहरराव म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी जपानला बांबूकाम शिकायला गेली होती. सुट्टीत येऊन तिनं ही नळी बसवली आणि परत गेल्यावर तिकडेच तापानं गेली.

"तिकडं नव्या वर्षाले दारात हिरवा बांबू उभा करतात, देवानं यावं म्हणून," ते म्हणाले. "अन् हा वाजणारा बांबू हरणं, रानडुकरं हाकलायले."

आमच्याकडे बांबू म्हणजे सूप, मांडव आणि शेवटी तिरडी. मी थट्टेनं म्हणालो, "सक्करदऱ्यात कुठली हरणं, काका?"

ते हसले नाहीत. "लवकर कर गा, प्रेमानंद. नळी थांबली का तुझी काकू उठून फाटकाकडे जाते. नंदिनी आली म्हणते. मागच्या खेपेले टेम्पोखाली जाता जाता वाचली." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मले तर तिथं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. पण पोरीनं केलेल्या नळीनं पोरीलेच हाकलून राहिलो मी..."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं.

जुनी नळी उतरवली, नवी कापली, आणि तिथेच गाढवपणा केला. दिवे करायची सवय. हातानं आपोआप सळई घेतली आणि वायर जायला फोडतो तशी आतली, पाणी अडवणारी गाठ फोडून टाकली. आता पाणी आरपार वाहून जायला लागलं. नळी भरेना, हलेना.

बाग गप्प झाली. साचलेल्या पाण्याचा वास यायला लागला. मी स्कूटरवरचा दुसरा बांबू आणायला वळलो, तोच फाटकाकडून आवाज आला.

"आई... दार उघड वं..."

तरुण मुलीचा, गोड आवाज. फाटक जाळीचं होतं. पलीकडे नुसता पांढरा, तापलेला रस्ता होता.

घरातून काकू, प्रयागबाई, अनवाणी बाहेर आल्या. मनोहररावांनी त्यांना धरलं, तर त्यांनाच ओढत त्या फाटकाकडे निघाल्या.

"आई... पाय पोळून राहिले वं..."

मी जुनी, चिरलेली नळी उचलली आणि दगडावर आपटली. ठक्. पुन्हा. ठक्. फाटकाकडचा आवाज मधेच तुटला. प्रयागबाई जागीच थांबल्या.

"काका, तुम्ही वाजवत राहा!" मी नळी त्यांच्या हाती दिली आणि बांबू आणून कापायला बसलो. दोनदा बोट कापलं. गाठ मात्र शाबूत ठेवली. नळी भरली, कलली, वाजली, तेव्हा कुठे श्वास घेतला.

प्रयागबाई पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या.

"तुले बी ऐकू आलं नं?"

"हो, काकू..."

"जन्मापासून मुकी होती माझी पोर. एक शब्द नाही निघाला कधी. आता कशी छान बोलून राहिली, बघ."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, शब्द मीही ऐकले होते.

"म्हणजे... ते नंदिनी नव्हतं," ते म्हणाले. "पोरीले नाही हाकललं मी." आणि ते लहान मुलासारखे रडले.

मी आवराआवर केली आणि फाटकाबाहेर येऊन कडी लावली. मागे नळी वाजली. तेवढ्यात मनोहरराव घाईघाईनं बागेतून आले. चेहरा उजळलेला होता.

"प्रेमानंद, 'बाबा' म्हणून हाक तू मारली काय?"

मी मारली नव्हती. पुढच्या ठोक्याला अजून जवळजवळ अर्धं मिनिट होतं, आणि त्यांचा हात कडीवर होता.