पाळण्याचं वजन

राम आळीतलं हरिश्चंद्रकाकांचं दुकान त्या मार्गशीर्षात कायमचं बंद व्हायचं होतं. काकांच्या पणजोबांनी ते साहेबाच्या अमदानीत उघडलं, तेव्हा बोटीने आलेला माल मांडवीहून बैलगाडीने दारात यायचा. कंदिलाच्या काचा, तामचिनीच्या थाळ्या, जाळीची कपाटं, चिनी मातीच्या बरण्या. त्यातलं बरंचसं अजून माळ्यावर गवतात गुंडाळून पडलेलं होतं. आंजर्ल्याकडच्या एका हॉटेलवाल्याने सगळं एकदम मागितलं. वजनं कळल्याशिवाय ट्रकवाला यायला तयार नव्हता आणि काकांचे गुडघे माळा चढायला तयार नव्हते. म्हणून शेजारच्या विनीतला बोलावणं गेलं. तो फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन पुण्याच्या नोकरीच्या पत्राची वाट बघत घरी बसला होता.

"इतकी वर्षं शिकलास ना रे? मग लटकव काट्याला नि सांग आकडा," काका म्हणाले. "एवढं तरी शिकवलं असेल शिंच्यांनी."

तुळईला एक विलायती ताणकाटा टांगलेला होता. गोल पितळी तबकडी, तिच्यावर पौंडांच्या आणि औंसांच्या खुणा. विनीतने आधी त्याला दुकानातली लोखंडी वजनं लावून पाहिली. काटा चोख होता. दोन दिवसांत त्याने बादल्या, हंडे, स्टो सगळं तोलून दाराशी रचलं.

पाळणा सापडला तो अगदी मागे, भिंतीला टेकवलेला. शिसवी, पितळी कड्यांचा. साखळ्या काढून आत ठेवलेल्या. कठड्याला लाल दोरा बांधलेला होता.

तो दोरा विनीतच्या ओळखीचा होता. मूल व्हायच्या आधी पाळणा घरी नेत नाहीत, पण पसंत तर आधीच करायचा असतो. म्हणून या दुकानाची रीत अशी, की गर्भारशीने यायचं, आवडलेल्या पाळण्याला आपल्या हाताने दोरा बांधून जायचं. बारशाच्या दिवशी जिने बांधला तिनेच तो सोडायचा. तोवर पाळणा टांगायचा नाही. हा दोरा विनीतच्या बहिणीचा, दीपालीचा होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती.

भाद्रपदात तिचं मूल मेलेलंच जन्माला आलं. मुलगी होती. बायकांनी दीपालीला तिचं तोंडही दाखवलं नाही. "बघितलंस तर विसरायची नाहीस गो," आई म्हणाली. दीपालीचा नवरा सुजय मुंबईहून पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, तेव्हा पांढऱ्या फडक्यातलं ते गाठोडं विनीतनेच हातांवर घेऊन नेलं आणि पुरलं. पावणेतीन किलो, असं नर्स म्हणाली होती. तो परत आला तेव्हा दीपालीने एवढंच विचारलं, "जड होती का रे?"

"नाही गो ताई. कापसासारखी. वजनच नव्हतं."

त्यानंतर तिने काही विचारलं नाही. ती मुंबईलाही गेली नाही. सुजयचा फोन आला की कानाला लावून बसायची, बोलायची नाही.

विनीतने पाळण्याला साखळ्या लावल्या आणि तो काट्याला टांगला. काटा चोवीस पौंडांच्या जरा पुढे थांबला. पाळण्याच्या बुडाला मात्र पितळी पट्टी होती आणि तिच्यावर कोरलेलं होतं, साखळ्यांसह अठरा पौंड. विनीतने आत हात फिरवून पाहिला. स्वच्छ, गुळगुळीत लाकूड. कीड नव्हती, ओल नव्हती. तरी पावसाळ्यात पाणी प्यालं असेल, असा त्याने निष्कर्ष काढला आणि वारं लागावं म्हणून पाळणा काट्यालाच राहू दिला.

"लटकत नको ठेवूस रे," काका म्हणाले. "रिकामा टांगू नये."

"रिकामा आहे म्हणूनच तर बघतोय काका, जास्तीचं वजन कसलं ते."

पुढचे तीन दिवस काटा थोडा थोडा खाली आला. हवा कोरडी होती, ओठ फुटत होते. लाकूड सुकतंय, विनीतला बरं वाटलं. चौथ्या दिवशी काटा थांबला. पाचव्या दिवशी तो एक औंस वर होता.

सहाव्या दिवशी आणखी एक.

विनीतने पाळणा उतरवला, काट्याला पितळी हंडा लावला. हंड्याचं वजन पूर्वीइतकंच भरलं. पाळणा पुन्हा टांगला तर काटा सकाळच्या खुणेवर. ट्रकवाला रोज उद्याचं सांगत होता, आणि काटा रोज एकेक खूण चढत पहिल्या दिवसाच्या आकड्याच्याही पुढे गेला होता. तो पूर्वीसारखा स्थिरही राहत नव्हता. मधेच बारीक थरथरायचा, मग बराच वेळ शांत असायचा.

दुकानातही काहीतरी बदललं होतं. काका समोरच्या टपरीवर चहासाठी बोंब मारायचे, ते आता दारात जाऊन बोटांनी दोन अशी खूण करू लागले. एकदा सखू कोळीण बरणी बघायला आली. तिचा आवाज नाक्यापर्यंत जायचा. उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकली आणि तिने तो एकदम खाली घेतला.

"कोण निजलाय वो?" तिने विचारलं.

"कोणी नाही," काका म्हणाले. तेही कुजबुजतच म्हणाले.

त्या दुपारी विनीतने पहिल्यांदा वजाबाकी केली. पहिल्या दिवशीचे जास्तीचे सहा पौंड. म्हणजे पावणेतीन किलो. मग त्याने मोबाइलवर शोधलं. नवजात बाळाचं वजन पहिले काही दिवस घटतं. त्यानंतर रोज साधारण एक औंस वाढतं.

त्याने मोबाइल खिशात घातला. त्या दिवशी त्याने काट्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

ट्रक नक्की झाला तेव्हा घरी आई आणि दीपाली वाल सोलत बसल्या होत्या. "उद्या संध्याकाळी माल जातोय," विनीत म्हणाला.

"पाळणाही?" दीपालीने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं.

"हो."

"मग दोरा सोडायला मला यायला हवं."

"काही नको जायला," आई म्हणाली. "कापून टाकेल तो कात्रीने."

"मी बांधलाय."

आईने विनीतकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्या बघण्यात होतं. विनीतला ते म्हणता आलं नाही. पाळणा आधीच उतरवून ठेवावा असं मात्र त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी तो लवकर गेलाही. पाळण्याच्या कडीला हात लावला, तेव्हा काटा थरथरला. त्याने हात काढून घेतला.

दीपाली दुपारी चारच्या सुमाराला आली. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झाला होता. दारात तिने चपला काढल्या. दुकानात चपला कोणी काढत नसे.

"ये गो," काका म्हणाले. "सावकाश. पायरी आहे."

ती पाळण्यापाशी गेली. गाठ घट्ट बसली होती. तिने ती नखाने उकलली आणि दोरा मनगटाभोवती गुंडाळला.

मग ती वाकली. दोन्ही हात तिने आत घातले.

विनीत तिच्याकडे बघत नव्हता. तो तबकडीकडे बघत होता.

काटा खाली आला. सावकाश नाही, एकदम. अठरावर आला आणि तिथेच राहिला.

दीपाली सरळ झाली. तिचे हात छातीशी वळलेले होते. त्यांत काही नव्हतं. उजव्या हाताने तिने पदर डाव्या हातावर ओढून घेतला.

"खोटं सांगितलंस मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "चांगली जड आहे की रे."

काकांनी तोंड फिरवलं आणि पंच्याने डोळे पुसले. रिकामा पाळणा जरासा हलत होता. काकांनी पुढे होऊन तो हाताने थांबवला.

दीपाली दारापर्यंत गेली. चपला उन्हात तापल्या असतील, असं म्हणाली. एका पायाने ओढायला गेली, तर चप्पल पालथी झाली.

"धर जरा," तिने मागे वळून म्हटलं. "चपला घालते."

बहिणीचं मन मोडायला नको, म्हणून विनीतने हात पुढे केले.

त्याचे हात खाली गेले. ते वजन त्याच्या हातांना ठाऊक होतं, भाद्रपदापासून ठाऊक होतं. आता ते थोडं जास्त होतं. पहिल्या दिवसाच्या पुढे काटा जितका चढला होता, तितकंच.

त्याचा डावा हात आपोआप मानेखाली गेला.

त्या दिवशी ते गाठोडं गार होतं. हे गार नव्हतं.