प्रेक्षक : दोन

ही हकीकत खोटी निघावी म्हणून मी स्वतः खूप धडपडलो. निघाली नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे. शनिवार होता. दुपारचे पावणेतीन. जागा म्हणजे तिच्या कंपनीची, तिसऱ्या मजल्यावरची चाचणीची खोली. भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरावं. मला कोणाशी वाद घालायचा नाहीये.

आधी मावशीबद्दल खरं ते सांगतो. बाई हुशार, पण कडू कारलं. साखरेत घोळलं तरी कडूच. आमच्या घरात तिच्याशी एकदाही न भांडलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

तिचं काम टीव्हीचं चित्र सुधारण्याचं. कंपनी एक नवा टीव्ही बनवत होती. त्यात चष्मा न लावताच चित्र पडद्याबाहेर आल्यासारखं दिसायचं. युक्ती अशी, की डाव्या डोळ्याला एक चित्र द्यायचं आणि उजव्याला थोडं वेगळं. त्यासाठी टीव्हीवरचा कॅमेरा समोरच्या माणसाचे डोळे शोधायचा आणि चित्र नेमकं त्या डोळ्यांवर सोडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा यायचा. 'प्रेक्षक : १.'

अडचण एकच होती. मागच्या काचेत किंवा चकचकीत कपाटात माणसाचं प्रतिबिंब पडलं, की यंत्र त्यालाही माणूस समजायचं. मग चित्र दोघांत वाटलं जायचं आणि खऱ्या माणसाला धड काहीच दिसायचं नाही. अँटेनाच्या काळापासून टीव्हीवाले फिकट दुसऱ्या चित्राला 'भूत' म्हणतात. या खोट्या चेहऱ्यांनाही तेच नाव पडलं.

"आज दोन भुतं आली." "ते भूत काढ गं आधी."

दिवसभर हेच चालायचं. कोणाला काही वाटायचं नाही.

हे भूत काढायची युक्ती शोधली ती ढापण्यानं.

ढापण्या म्हणजे मावशीच्या शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर. बनवायचा चष्म्याशिवायचा टीव्ही, आणि स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढी जाड भिंगं. नाव पडणारच. दर पाच मिनिटांनी चष्मा काढायचा, काचांवर 'हाऽऽ' करून वाफ सोडायचा आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसायचा. त्या आवाजाची मावशीला शिसारी होती.

त्याचा नियम साधा होता. जो चेहरा आधी आला तो मूळ. मागून आलं ते भूत. भूत गाळून टाकायचं.

तीन वर्षं घासली त्यानं या नियमावर. मग एका सकाळी ऑफिसच्या जिन्यातच छातीत कळ आली आणि गेला.

महिनाही झाला नसेल, मावशीनं पेटंटचा अर्ज भरला. मूळ शोधकर्ता म्हणून एकच नाव. स्वतःचं.

ढापण्या तो, पण ढापलं मावशीनं.

अर्ज वेगळा दिसावा म्हणून तिनं नियम तेवढा बदलला. जो चेहरा जास्त ठळक तो मूळ. फिकट ते भूत. बाकी सगळं त्याचंच.

ढापण्याची बायको ऑफिसात आली होती. बसा म्हणायचं सौजन्यही मावशीनं दाखवलं नाही.

"मला काही नको," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "त्यांचं नाव तेवढं घाला. तुमच्या खाली घाला हवं तर."

"मेलेल्या माणसाची सही कुठून आणू मी?"

"सही लागत नाही. मी चौकशी करून आलेय."

"मग तिथेच करा आणखी चौकशी. इथे लोकांना कामं असतात."

बायको दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"ते येऊन बघतील," ती म्हणाली. "स्वतःचं काम त्यांनी कधी अर्धं सोडलं नाही."

मावशी हसली. हे तिनं स्वतःच मला सांगितलं. "खोटं कशाला बोलू? हसले मी."

सोमवारी दहा वाजता तो टीव्ही मोठ्या पाहुण्यांना दाखवायचा होता. अर्जावर शेवटची सहीही त्याच दिवशी. एकदा ती झाली की मूळ शोधकर्ती म्हणून मावशीचं नाव कायमचं. म्हणून सगळे अर्ध्या दिवसानं घरी गेल्यावर ती एकटीच चाचणीला बसली.

ती खोली मी पाहिलीय. भिंती काळ्या. खिडकी नाही. मधोमध फरशीवर चिकटपट्टीची फुली आणि फुलीवर स्टूल. समोर टीव्ही.

पडद्यावर चाचणीचं ठरलेलं चित्र. एक रिकामी खुर्ची, हळूहळू गोल फिरणारी. कडेच्या लहान चौकटीत कॅमेऱ्याला जे दिसतं ते. ज्याला यंत्र चेहरा मानेल त्याच्याभोवती हिरवा चौकोन, आणि त्याखाली तो चेहरा किती ठळक आहे त्याचा आकडा.

मावशीचा आकडा ब्याण्णव. खुर्ची छान पुढे आली होती. हात लावावा इतकी.

आणि मग...

'प्रेक्षक : २.'

तिनं मागे पाहिलं. कोणी नाही.

दाराला छोटी काच होती. तिच्यातलं प्रतिबिंब असणार. मावशी उठली, काचेवर काळं कापड लावलं आणि परत येऊन बसली.

'प्रेक्षक : २.'

दुसरा हिरवा चौकोन तिच्या उजव्या खांद्यामागे होता. नुसत्या काळ्या भिंतीवर. त्यात काहीही नव्हतं.

आकडा, आठ.

मग तिला आवाज आला...

'हाऽऽ.'

अगदी कानामागे. आणि त्यानंतर कापड काचेवर घासल्याचा बारीक आवाज.

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती घाबरण्याआधी चिडली. तिचं सगळं आयुष्य असंच गेलंय, आधी चीड आणि मग बाकीचं.

"कोण आहे?" ती ओरडली. "ही थट्टा महागात पडेल, सांगून ठेवते!"



चौकोनाखालचा आकडा बदलला. एकतीस.

मावशीचा एकोणसत्तर.

समोरची खुर्ची आता दुहेरी दिसायला लागली होती. चित्र वाटलं जात होतं. कोणीतरी तिच्याबरोबर बघत होतं.

तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, खोलीत दुसरं कोणीतरी दिसतंय."

"भूत असेल," साहेब म्हणाले.

मावशीनं पुन्हा मागे वळून पाहिलं.

"मॅडम, भूत असेल तर गाळा आणि घरी जा. तुमचाच तर शोध आहे तो!" हसून त्यांनी फोन ठेवला.

अठ्ठेचाळीस. मावशीचा बावन्न.

यंत्र बंद करून ती निघून जाऊ शकली असती. मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "सोमवार डोळ्यांसमोर होता रे." अजून ती चार आकड्यांनी पुढे होती. यंत्राच्या मते मूळ तीच होती. तिनं घाईघाईनं भूत गाळायचं बटण दाबलं.

बोट बटणावर टेकलं, आणि त्याच क्षणी आकडे फिरले.

'प्रेक्षक : १.'

मावशीनं सुटकेचा श्वास सोडला.

पण खुर्ची सपाट होती. फिकट, फाटल्यासारखी दुहेरी. मावशी डावीकडे सरकली. तशीच. उजवीकडे सरकली. तशीच. तिनं हात हलवला. यंत्राला काही पत्ताच नाही.

तिनं कडेच्या चौकटीत पाहिलं...

तिच्या चेहऱ्याभोवती चौकोन नव्हता.

एकच चौकोन होता. मागे, काळ्या भिंतीवर. आकडा शंभर.

ठळक ते मूळ. फिकट ते भूत. नियम तिचाच होता, आणि यंत्रानं नियम पाळला होता. गाळली गेली होती ती.

मग तो चौकोन हलला.

हळू... एकेक पाऊल टाकल्यासारखा... पुढे येऊ लागला.

मावशीला उठायचं होतं. पण नजर चौकटीवरून हटेना. चौकोन तिच्या खांद्याशी आला. मानेशी आला. आणि तिच्या चेहऱ्यावर येऊन बसला.

खुर्ची एकदम उठून पुढे आली. स्वच्छ. सुरेख. इतकी खोल तिनं कधीच पाहिली नव्हती.

म्हणजे त्याचे डोळे आता तिच्या डोळ्यांच्या जागी होते.

नाकाच्या दांड्यावर काहीतरी जड टेकलं. कानांमागे काहीतरी रुतलं. मावशीनं जन्मात कधी चष्मा लावला नव्हता.

आणि पुन्हा तो आवाज आला...

'हाऽऽ.'

या वेळी तिच्या स्वतःच्या तोंडातून.

ती तिसऱ्या मजल्यावरून खाली कशी आली ते तिला आठवत नाही. रस्त्यावर भर उन्हात लोक भाजी घेत होते आणि ही अनवाणी उभी होती.

इथे कोणीही शहाणा माणूस अर्जात नाव घालून मोकळा झाला असता. मावशी नाही झाली. एक रविवार गेला आणि बाईंची अक्कल पुन्हा जागेवर आली. सोमवारी टीव्ही उत्तम चालला, पाहुणे खूश झाले. मावशीनं सही केली. एकटीचीच.

त्यानंतर आठवड्याभरात तिचा फोन तिच्या चेहऱ्यानं उघडेनासा झाला.

मग ऑफिसच्या फाटकावरचं हजेरीचं यंत्र. रोज चेहरा दाखवून आत जायचं असायचं. 'नोंद नाही,' म्हणायला लागलं. चार वेळा नवी नोंद केली. चारही वेळा पुसली गेली.

तिसऱ्या आठवड्यात फाटक आपोआप उघडलं. मावशी खुशीत आत गेली. पण पहारेकरी यंत्राकडे बघतच राहिला. यंत्रावर ढापण्याचा नंबर आला होता.

तेव्हा ती माझ्याकडे आली आणि हे सगळं सांगितलं. मावशीला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला दया आली, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. त्याची आता लाज वाटते.

"लिहून दे," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

तिनं लिहून दिलं. मूळ शोधकर्ता तोच, माझं नाव काढून टाकावं, खाली सही. एक प्रत मी साहेबांना देऊन आलो. दुसरी घेऊन आम्ही दोघं त्याच्या बायकोकडे गेलो. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. जिन्यात चांगला उजेड होता. मावशी दारात, मी दोन पायऱ्या खाली.

मावशीनं बेल वाजवली.

दार उघडलं. ढापण्याच्या बायकोनं मावशीकडे पाहिलं. आता ही चपलेनं मारते की काय, असं मला वाटलं.

तिचा चेहरा मऊ झाला.

"अहो," ती म्हणाली, "किती उशीर..."

मावशीच्या हातातला कागद खाली पडला. ती वळून माझ्याकडे बघेल म्हणून मी थांबलो. तिनं वळून पाहिलं नाही. सवयीचं घर असावं तशी ती आत गेली, आणि दार बंद झालं.

मी खूप वेळ बेल वाजवली.

या गोष्टीला आता चार महिने झाले. पोलीस जाऊन आले. बाई खुशीनं राहतात, स्वतःच्या तोंडानं तसं सांगतात, म्हणाले. पेटंट त्याच्या नावावर झालं. मला वाटलं होतं, तेवढ्यावर तो मावशीला सोडेल.

मी दर रविवारी तिथे फोन करतो. नेहमी ती बायकोच उचलते. मी म्हणतो, मावशीला फोन द्या.

"ते जेवतायत," ती म्हणते. "नंतर करा."